‘काही नाही’चा खोका

“सात भुतांचे पत्ते घेऊन या,” असं सर म्हणाले आणि समितीतले सहाही जण हसले. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि रागाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेत नाही.

मी संख्याशास्त्रज्ञ. कोणत्या दुखण्यावर कोणतं औषध आधी द्यावं, हे सगळ्या डॉक्टरांना लेखी कळवायचं, हे आमच्या कार्यालयाचं काम. कार्यालय म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि बैठकीचं एक लांब टेबल, ज्याच्या एका पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी असते. इथं मला माझ्या मागे ‘शून्यबाई’ म्हणतात. कोणी नव्या औषधाचं कौतुक घेऊन आलं की मी विचारते, “यातून शून्य निघालं असतं, तर छापलं असतं का?” लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. झोंबू देत.

या खेपेचं औषध म्हणजे एक पांढरी गोळी होती. मधुमेहाने पावलांची आग होते, तळव्यांना मुंग्या येतात, त्यावरची. गोळीवर छापून आलेले तेवीस अभ्यास होते, आणि सगळे एकत्र केले तर दहा गुणांच्या मापावर आग दोन गुणांनी कमी होत होती. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे सर, यांना ही गोळी पहिली पसंती म्हणून जाहीर करायची होती आणि डोसही दुप्पट करायचा होता. सर लबाड नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी जन्मभर आग होणारी पावलं तपासली आणि या गोळीवर त्यांचा मनापासून विश्वास होता. माझी पहिली नोकरी त्यांच्याच विभागात होती. मला काम त्यांनीच शिकवलं.

घोटाळा ठिपक्यांमध्ये होता. प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका काढायचा. शेकडो रुग्णांचे मोठे अभ्यास वर, पन्नास-साठ रुग्णांचे छोटे खाली. गोळीचा गुण जास्त दिसला तर ठिपका उजवीकडे, कमी दिसला तर डावीकडे. मोठे अभ्यास एकमेकांना धरून उभे राहतात. छोट्यांना नशीब कुठंही ढकलतं, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. म्हणून सगळं सरळ असेल तर कागदावर उलटं ठेवलेलं नरसाळं दिसतं, वर निमुळतं आणि खाली पसरट. माझ्या कागदावर नरसाळ्याचा खालचा डावा कोपरा गायब होता. छोट्यांपैकी नशीबवान तेवढे छापून आले होते. बाकीचे कुठं गेले, कुणाला ठाऊक.

यावर एक पद्धत आहे. उजवीकडचे जादा ठिपके छाटायचे, मधली रेघ नव्याने काढायची, मग छाटलेले परत ठेवायचे आणि डावीकडे त्यांच्या जोडीचे पोकळ गोल भरायचे. माझ्या कागदावर सात पोकळ गोल भरले गेले आणि रेघ दोन गुणांवरून पाऊण गुणावर घसरली. पाऊण गुण तर नुसते बूट काढूनही येतो.

“हे सात अभ्यास कुणाचे?” सरांनी कागद चष्म्याजवळ नेला. “दवाखाना कोणता? रुग्ण किती?”

“ते कुणाचेच नाहीत, सर. तो हिशोब आहे. कोपरा रिकामा आहे, त्याअर्थी...”

“म्हणजे नसलेले अभ्यास तुम्ही काढलेत.”

“नसलेले नाहीत. न दिसलेले आहेत.”

“मग भुतंच की!” सर म्हणाले, आणि मग ते पत्त्यांचं वाक्य आलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “पुढची बैठक दोन आठवड्यांनी आहे. पत्ते नाही मिळाले, तर हा कागद अहवालातून काढायचा आणि तुम्ही मुकाट्याने सही करायची.”

संख्याशास्त्रज्ञाच्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नाही, हा नियम आहे. दुसरा नियम असा की घरातलं कोणी तेच औषध घेत असेल तर ते आधी सांगायचं. ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या सासूबाई चार महिन्यांपासून हीच गोळी घेत होत्या.

सासूबाई शिवणकाम करतात. सत्तरी उलटली तरी पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं पायाचं मशीन आहे, आणि कुणाची कॉलर उलटायची असते, कुणाचा सदरा उसवून आत घ्यायचा असतो. पावलांची आग होते आणि पावलांनीच मशीन चालवायचं, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आग होती तशीच राहिली. वर दुपारी त्यांची मान गळायला लागली. गेल्या महिन्यात पेंग आली, आणि सुई नखातून आरपार गेली. “मशीन चावलं,” एवढंच त्या म्हणाल्या, पण नंतर दोन दिवस मशीनवर चादर होती. डॉक्टर म्हणाले होते की नवे नियम आले की डोस दुप्पट करू, मग गुण येईल. डोस दुप्पट झाला की ती चादर परत पडेल आणि मग निघणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्या संध्याकाळी मी चप्पल काढतेय तोवर त्यांनी रोजचा प्रश्न विचारला.

“काय झालं आज?”

“काही नाही,” मी रोजचं उत्तर दिलं.

“काही नाहीला एवढं तोंड सुजतं होय?”

मग मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्या मशीनवर आपटला. त्यांनी तो हातशिवणीच्या दिव्याखाली धरला, आडवा केला, उभा केला. ठिपके म्हणजे काय, हे त्यांनी विचारलंच नाही.

“याची एक बाही लावायची राहिलीये,” त्या म्हणाल्या.

“राहिली नाही, आई. कुणीतरी उसवून काढलीये.”

“मग ती कुठाय?”

“तेच तर कुणाला माहीत नाही.”

“असं कसं?” त्यांनी मशीनखालची आपली फुगलेली चिंध्यांची पिशवी पायाने पुढे ओढली. “उसवलेली बाही कुणी फेकून देतं का? कुठल्या ना कुठल्या पिशवीत कोंबलेली असते. तुमच्याकडे कुठं कोंबतात?”

आमच्याकडे कुठं कोंबतात ते मला चांगलं माहीत होतं. ज्यात कोंबतात त्यावरचं नाव मीच लिहिलं होतं.

सरांच्या जुन्या विभागात दर शुक्रवारी निकाल वाचले जायचे. गोळी आणि तिच्यासारखीच दिसणारी, औषध नसलेली साधी वडी यांच्यात फरक दिसला, तर फाईल टंकलेखनाला जायची आणि तिथून छापायला. फरक दिसला नाही, की सर चष्मा काढायचे, “काही नाही,” म्हणायचे आणि फाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवायचे. मी चोवीस वर्षांची होते. अशा फायली साठल्या तेव्हा सरांनी एक पुठ्ठ्याचा खोका मागवला आणि म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, नाव घाल. मी जाड पेनने, वळणदार अक्षरात ‘काही नाही’ असं लिहिलं. लिहायला हवं होतं ‘फरक नाही’. फरक नाही, हे उत्तर आहे. त्यासाठी माणसांनी महिनोन्महिने गोळ्या गिळलेल्या असतात. काही नाही म्हणजे उत्तरच नाही. एवढा साधा भेद मला कळला नाही, आणि लोक मला हुशार म्हणत होते!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या रुग्णालयाच्या तळघरात गेले. जुनी कागदपत्रं सांभाळणारे दप्तरकाका अजून तिथंच होते, त्याच तिवईवर, फक्त आता कानात यंत्र होतं.

“काय हवंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग आलात कशाला?”

“‘काही नाही’ हवंय, काका.”

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली, परत बसवलं. “बाई, काही नको असेल तर वर कँटीनमध्ये बसा. इथं धूळ आहे.”

“अहो, खोका! ज्यावर ‘काही नाही’ लिहिलंय तो खोका!”

“असं सांगा की.” ते उठले. “तो आहे. वीस वर्षांत त्याला विचारायला तुम्ही पहिल्याच.”

खोका सगळ्यात खालच्या फळीवर होता. माझं अक्षर जराही पुसलं नव्हतं. आत पाच फायली होत्या आणि त्यांतल्या दोन पांढऱ्या गोळीच्या. पहिली माझ्या आधीच्या माणसाची होती. दुसरी उघडली. बासष्ट रुग्ण, एकतीस गोळीवर आणि एकतीस साध्या वडीवर. पावलांची आग दोन्हीकडे जवळपास सारखीच. त्याखाली तक्रारींचा तक्ता होता. चक्कर आणि पेंग: साध्या वडीवर पाच जण, गोळीवर चौदा. एका शिक्षिकेने लिहून दिलं होतं की फळ्यासमोर उभी असताना ती कोसळली. आणि या सगळ्याखाली, निष्कर्ष या शब्दापुढे, माझं सुबक अक्षर: काही नाही. त्याखाली माझी सही आणि विभागप्रमुख म्हणून सरांची. हा अभ्यास मी साफ विसरले होते.

मला स्वतःची लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. इतकी वर्षं मी लोकांना शून्याबद्दल टोमणे मारत फिरत होते, आणि माझं स्वतःचं शून्य इथं तळघरात धूळ खात पडलं होतं.

काकांनी नोंदवहीत माझी सही घेतली आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का मारला. मी नको म्हणत असतानाही त्यांनी खोका फडक्याने पुसला.

बैठकीच्या दिवशी मी तोच कागद पुन्हा लावला. सात पोकळ गोल तसेच होते, पण आता रिकाम्या कोपऱ्यात दोन भरीव ठिपके आले होते.

“दोन पत्ते आणलेत,” मी म्हणाले. “दोन्ही एकाच खोक्यातले.”

प्रती टेबलाभोवती फिरल्या. सरांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं आणि चष्मा काढला. ती सवय गेली नव्हती.

“हे जुनं काम आहे,” ते म्हणाले. “बासष्ट रुग्ण! इतक्या छोट्या अभ्यासाला काय अर्थ आहे?”

“छापलेल्या तेविसांपैकी अकरा याच्याहून छोटे आहेत, सर. ते तुम्ही मोजलेत. तुमच्या बाजूचा छोटा चालतो आणि पलीकडचा छोटा कच्चा, असं कसं?”

“ठीक आहे, धरा हे दोन. रेघ किती हलली?”

“दोनवरून पावणेदोनवर.”

“बघा!” त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “गोळी चालतेच आहे. पाऊण गुणाची ती भीती तुमच्या भुतांनी घातली होती.”

इथं मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. “त्या सात गोलांमध्ये कुणाचा चेहरा शोधू नका,” मी म्हणाले. “कोपरा रिकामा असायला दुसरी कारणंही असतात. छोट्या अभ्यासांत कदाचित जास्त त्रासाचे रुग्ण घेतले असतील. पाऊणच खरं, असं मी म्हणत नाही. पण एका रुग्णालयाच्या एका फळीवरच्या एका खोक्यातून दोन निघाले, सर. रुग्णालयं किती आहेत?”

सरांनी प्रत बाजूला सारली.

“यांच्या घरात हीच गोळी चालू आहे,” सर बाकीच्यांना म्हणाले. “सासूबाईंना त्रास झाला. घरचं दुखणं समितीत आणायचं नसतं.”

“ते मी पहिल्या दिवशी सांगितलंय, लेखी आहे. आणि हे चौदा जण माझ्या घरचे नाहीत.”

“तू हे माझ्यावर उलटवणार?” समितीत ते मला नेहमी ‘तुम्ही’ म्हणायचे. “त्या पानावर तुझीही सही आहे.”

“आहे. आधी माझी आहे. ‘काही नाही’ हेसुद्धा मीच लिहिलंय. चूक माझी आहे, सर, आणि ती मी सगळ्यांसमोर पदरात घेते. म्हणून त्याखालचं दुसरं नावही मी वाचून दाखवणार.”

आणि मी वाचून दाखवलं. पदवीसकट.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंचं पेन मघापासून हवेत थांबलं होतं. “साहेब,” त्यांनी चाचरत विचारलं, “यातलं मी काय लिहू?”

“काही नाही,” सर म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले तेव्हा टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी सरकली आणि सगळ्यांचे चहाचे कप हिंदकळले.

“ते दोन शब्द सोडून काहीही लिहा!” मी ओरडले. “फरक नाही, असं लिहा. एकतीसपैकी चौदा, असं लिहा. शिक्षिका फळ्यासमोर पडली, असं लिहा. हा कागद अहवालात पोकळ गोलांसकट छापला जाणार नसेल, तर शून्यबाईंनी सही करायला नकार दिला असं लिहा. हो, शून्यबाईच लिहा, मला माहीत आहे ते नाव!”

बाईंनी सरांकडे पाहिलं नाही. मान खाली घालून त्या भराभरा लिहू लागल्या.

टेबलाच्या टोकाला एक वयस्क सिस्टर बसायच्या. वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या, बैठकीत सहसा मूग गिळून असायच्या. त्या म्हणाल्या, “तो पेंगेचा आकडा परत सांगा.” मी सांगितला. “छापलेल्या तेविसांत पेंग कितींनी मोजलीये?” चौघांनी, मी म्हणाले. “वॉर्डात मी रोज मोजत होते,” सिस्टर म्हणाल्या. “मला कुणी विचारलं नाही.” मग त्यांनी सरळ सरांना सांगितलं, की शिफारस थांबवावी असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगा.

चार हात वर झाले, दोन झाले नाहीत. गोळीची शिफारस थांबली, डोसही होता तिथंच थांबला. सगळ्या रुग्णालयांना पत्रं जाणार होती की न छापलेले अभ्यास कळवा. कागद अहवालात राहिला. उठताना सर माझ्याजवळ थांबले. “तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीला माझी शिफारस मिळणार नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. मी म्हणाले, नका देऊ, पण हेही लिहून घ्यायला सांगा. ते गेले. त्यांच्या जागी टेबलावर आमच्या सह्यांच्या त्या शेवटच्या पानाची प्रत दिसली नाही. ती त्यांनी सोबत नेली होती.

घरी आले तेव्हा सासूबाई मशीनवर होत्या. कुणाच्या तरी सदऱ्याला बाही लावत होत्या आणि दर दोन टाक्यांना डोळे ताणत होत्या.

“काय झालं आज?”

“का...” जिभेवर आलं होतं. मी तोंड मिटलं. “मशीन थांबवा, आई. सांगते. वेळ लागेल.”

त्यांनी पावलं पट्टीवरून खाली घेतली आणि मी सगळं सांगितलं. चार हात, डोस, मुदतवाढ. मग तो खोका, ते बासष्ट जण, ते चौदा जण आणि खालची माझी सही.

सासूबाई आपल्या बोटाकडे बघत होत्या. नखावरचा काळा डाग अजून पुरता वर सरकला नव्हता.

“म्हणजे या गोळीने पेंग येते, हे तुला वीस वर्षांपूर्वी माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि तू काही नाही लिहिलंस.”

“हो, आई.”

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, असू दे म्हणाल्या नाहीत. ते बरंच झालं, मला ते चाललं नसतं. त्यांनी हात पुढे केला. “ती चौदा जणांची प्रत दे. उद्या डॉक्टरांकडे जाते. गोळी कशी कमी करायची ते त्यांनीच सांगू दे, पण आधी हे वाचू दे. त्यांच्याकडे काय मी एकटीच जाते का?”

मी प्रत दिली. त्यांनी तिची घडी करून ती सुयांच्या डबीखाली ठेवली. मग विचारलं, “त्या खोक्यावरचं नाव बदललंस?”

“नाही.”

“मग उद्या आधी तिकडे जा.” त्यांनी खण उघडला, कापडावर खुणा करायचं आपलं जाड पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “अक्षर चांगलं आहे ना तुझं.”